फ्लॅटचं काम काढताय? माणूस ठरवण्यापासून शेवटचा हप्ता देईपर्यंत

घराचं काम काढलं की पहिल्या भेटीत सगळेच कंत्राटदार चांगले असतात. वेळेवर येतात, चहा नको म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका, मी आहे ना’ असं सांगून जातात. माणूस खरा कळतो तो भिंती फोडून झाल्यावर, बाथरूम बंद आणि निम्मे पैसे देऊन झालेले असताना. तेव्हा बदलायची सोय राहिलेली नसते.

म्हणून पारख आधीच करायला हवी, आणि त्यासाठी माझ्या मते तीन जागा आहेत: त्याची चालू असलेली साइट, त्याने लिहून दिलेलं कोटेशन आणि पैसे मागायची त्याची पद्धत. गोड बोलणं, मोबाइलमधले फोटो आणि ‘आमच्या मेहुण्याने त्याच्याकडूनच करून घेतलं’ हे सगळं त्यानंतर.

पुढचं सगळं पुण्या-मुंबईकडच्या सोसायटीतला वीस-पंचवीस वर्षं जुना फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. दोन बाथरूम, स्वयंपाकघर, फरशी, वायरिंग, रंग. स्वतंत्र घर असेल तर सोसायटीचा भाग सोडा, बाकीचं बहुतेक लागू पडेल.

आधी काम लिहून काढा, मग फोन लावा

बहुतेक जण उलटं करतात. कंत्राटदाराला बोलावतात, खोल्या दाखवतात आणि विचारतात, ‘साधारण किती होतील?’ तो घराकडे बघतो, पार्किंगमधल्या गाडीकडे बघतो आणि एक आकडा सांगतो. तिघांना बोलावलं तर तीन आकडे मिळतात. पण कामच कुणी ठरवलेलं नसल्यामुळे ते तीन वेगळ्या कामांचे आकडे असतात.

एका वहीत खोलीवार लिहा. ‘बाथरूम नवं करायचं’ एवढं पुरत नाही. जुन्या टाइल्स फोडायच्या की त्यांच्यावरच नव्या चिकटवायच्या? भिंतीच्या टाइल्स सात फुटांपर्यंत की छतापर्यंत? नळाच्या आतल्या लाइनी बदलायच्या का? कमोड भिंतीतला की जमिनीवरचा? गिझर कुठे, एक्झॉस्ट कुठे, दार तेच ठेवायचं का? स्वयंपाकघरात ओटा किती लांब, सिंक कोणत्या बाजूला, फ्रिज, मिक्सर, आरओ, चिमणी यांना पॉइंट किती आणि किती उंचीवर? मग टेप घेऊन स्वतः मापं घ्या. फरशीचे चौरस फूट, भिंतीवरच्या टाइल्सचे चौरस फूट, स्कर्टिंगचे (भिंतीच्या पायाशी लागणाऱ्या पट्टीचे) रनिंग फूट, म्हणजे नुसती लांबी, आणि विजेच्या पॉइंटची संख्या एवढं हाताशी असलं, तरी समोरच्याला हवेतला आकडा सांगणं अवघड जातं.

काम चार-पाच लाखांच्या पुढे जाणार असेल, तर एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून किंवा इंटिरिअर डिझायनरकडून नकाशा आणि कामाची यादी फी देऊन करून घ्या. पुढचं काम त्यांनाच द्यायचं बंधन नाही. लोकांना ही फी जड वाटते. मला अख्ख्या कामात तोच सगळ्यात स्वस्त खर्च वाटतो, कारण तिघांचे दर एकाच यादीवर मागता येतात.

कधी सुरू करायचं हेही याच वहीत लिहा. गणपती ते दिवाळी या काळात रंगारी कुणालाच वेळेवर मिळत नाहीत. दिवाळी-छठला आणि पुन्हा होळीला उत्तर भारतातले सुतार, फरशीवाले, पीओपीवाले गावी जातात आणि ‘आठ दिवसांत येतो’ म्हणालेला माणूस महिन्याने उगवतो. पावसाळ्यात प्लास्टर, पुट्टी वाळत नाही आणि लाकूड फुगतं. नोव्हेंबर संपता संपता सुरू करून होळीच्या आत आटपायचं, हे वेळापत्रक सगळ्यात कमी त्रासाचं.

परवानगी, आणि भिंतीचा प्रश्न

घरात फेरबदल करायचे तर समितीची लेखी परवानगी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्येच, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतच, ते आहे. सेक्रेटरींना तोंडी सांगून भागवू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि सोसायटीचे नियम कागदावर मागून घ्या: कामाच्या वेळा, लिफ्टमधून काय न्यायचं, अनामत किती, राडारोडा कुठे ठेवायचा आणि किती दिवसांत उचलायचा. दुपारी तोडफोड बंद हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. पुण्यात तर त्याला वेगळ्या नियमाचीही गरज नाही. हाच कागद पुढे कंत्राटदाराला दाखवायचा, कारण दिवसातले दोन-तीन तास काम बंद राहणार हे त्याने मुदत सांगतानाच धरलेलं बरं.

मुंबईत प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, नळ-ड्रेनेजची दुरुस्ती अशा साध्या डागडुजीला महापालिकेची परवानगी लागत नाही. पण बाल्कनी खोलीत घेणं, भिंतींची मांडणी बदलणं किंवा खांब, तुळई, स्लॅब यांना हात लागेल असं काहीही निघालं, की परवानाधारक आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरमार्फत रीतसर जावं लागतं. हा नुसता कागदोपत्री सोपस्कार नाही. घाटकोपरची सिद्धिसाई ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता.

इथेच कंत्राटदाराची पहिली परीक्षा घेता येते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीकडे बोट दाखवा आणि सहज विचारा, ‘ही काढता येईल का हो?’ ‘आरामात, दोन दिवसांचं काम’ असं उत्तर जागच्या जागी आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या. जो वर बघतो, बीम कुठून गेलाय ते शोधतो, बिल्डिंगचं ड्रॉइंग आहे का विचारतो, त्याच्याशी पुढे बोला. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या बैठ्या इमारतींत तर भिंतच भार पेलत असते, त्यामुळे तिथे इंजिनिअरने बघितल्याशिवाय साधा कोनाडाही मोठा करू नये. इमारत १५ वर्षांच्या पुढची असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं.

आणखी दोन गोष्टी कंत्राटदाराच्या हातात नसतात. पाइप गॅसची लाइन सरकवायची असेल तर ती गॅस कंपनीकडूनच, मग मुंबईत महानगर गॅस असो की पुण्यात एमएनजीएल. ‘आमचा प्लंबर करतो’ हे ऐकायचंच नाही. आणि दोन-तीन एसी नव्याने बसणार असतील तर मंजूर वीजभार पुरतो का ते वीज कंपनीकडे आधी बघा.

कोणत्या प्रकारचा माणूस हवा

एकच बाथरूम किंवा नुसता ओटा असेल तर चांगला गवंडी आणि चांगला प्लंबर पुरतो. मोठ्या कंत्राटदाराला असल्या कामात रस नसतो आणि तो तुमचं काम दोन साइट्सच्या मधल्या फटीत करतो. अख्खा फ्लॅट असेल तर तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स हे सगळं एकाच सिव्हिल कंत्राटदाराकडे ठेवा. या साखळीत दोन माणसं आली की गळती निघाल्यावर प्लंबर फरशीवाल्याकडे बोट दाखवतो आणि फरशीवाला प्लंबरकडे. सुतारकाम वेगळ्याला दिलं तर चालतं.

लेबर रेटने, म्हणजे नुसत्या मजुरीवर, द्यायचं की मटेरियलसकट, यावर घरोघरी वाद होतात. माझा हिशेब असा: जे डोळ्यांना दिसतं ते तुम्ही आणा, जे भिंतीत गाडलं जातं ते त्याला आणू द्या. टाइल्स, नळ, कमोड, बेसिन, दिवे, लॅमिनेट यांची निवड आणि बिल तुमचं. सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, आतले पाइप त्याचे, पण ब्रँड आणि प्रकार कोटेशनमध्ये लिहिलेला. केमिकल तुम्ही आणून दिलंत आणि उद्या ओल आली, तर ‘माल तुमचा होता’ हे वाक्य तयारच असतं. दुकानदार कंत्राटदाराला कमिशन देतात हे उघड गुपित आहे. त्यावरून चिडण्यात अर्थ नाही, फक्त त्याने सुचवलेल्या दुकानाखेरीज आणखी एका दुकानात भाव काढा.

सगळं एकहाती करून देणाऱ्या इंटिरिअर कंपन्या सोयीच्या असतात, परगावी किंवा परदेशी राहणाऱ्यांना विशेष. पण त्यांचंही काम शेवटी कुठला तरी स्थानिक कंत्राटदारच करतो. करार करण्याआधी तो कोण, साइटवर रोज कोण उभं राहणार, हे नावानिशी विचारा.

चालू साइट बघायला जा

झालेलं घर दाखवायला सगळे तयार असतात. ताजा रंग आणि नवे दिवे लागले की सामान्य कामही देखणं दिसतं. त्याऐवजी म्हणा, ‘आत्ता जिथे तोडफोड किंवा टाइल्सचं काम चालू आहे तिथे घेऊन चला.’ टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजा.

साइटवर गेल्यावर सगळ्यात आधी बाथरूममध्ये डोकवा आणि न्हाणी ट्रॅपचं (बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्याचं) आणि कमोडच्या पाइपचं तोंड बघा. गोणपाट किंवा बूच लावून नीट बंद केलंय का? ते उघडं असेल तर सिमेंट आणि खडी रोज लाइनीत जातेय आणि सहा महिन्यांनी तुंबणार आहे. माझ्या मते कंत्राटदार ओळखायला ही एवढी एक खूण निम्मं काम करते. मग भिंतींकडे बघा. वायरिंगचे चर कटरने सरळ, उभे मारलेत की छिन्नीने वाटेल तसे तिरपे फोडलेत? सगळ्या खोल्यांत एकाच पातळीवर लेव्हलची रेघ मारलेली दिसते का? सिमेंटची पोती जमिनीला टेकवून ठेवलीत की खाली फळ्या आहेत? नव्या प्लास्टरला पाणी मारलेलं दिसतं का? जी जुनी फरशी ठेवायची आहे तिच्यावरच माल कालवलाय का? लिफ्टला पुठ्ठे लावलेत का?

तिथल्या मिस्त्रीशी दोन शब्द बोला. किती वर्षं यांच्याबरोबर काम करताय आणि हजेरी वेळेवर मिळते का, एवढंच. ज्याच्याकडे तोच गवंडी, तोच प्लंबर वर्षानुवर्षं टिकतो त्याचं काम सहसा एकसारखं येतं. दर साइटला नाक्यावरून नवी माणसं उचलणाऱ्याचं काम नशिबावर. आणि मजुरांचे पैसे थकवणारा माणूस तुमची साइटही एक दिवस अशीच अर्धवट ठेवणार, कारण माणसं निघून गेलेली असतील.

जुन्या गिऱ्हाइकांशी बोलताना ‘काम कसं आहे’ विचारू नका. सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात. विचारा: ठरलेल्या आकड्यापेक्षा शेवटी किती जास्त गेले? कशाकशाचे एक्स्ट्रा लावले? शेवटचे पैसे दिल्यावर फोन उचलतो का? पावसाळा झाल्यावर ओल आली का? निदान एक गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीचं हवं.

कोटेशन वाचायचं कसं

तीन कोटेशनं घ्या, त्याच एका यादीवर. सगळ्यात स्वस्तातलं आधी बाजूला ठेवा आणि त्यात काय नाही ते शोधा. बहुतेक वेळा राडारोडा उचलणं, वॉटरप्रूफिंग, जुनी लाइन बंद करणं किंवा जीएसटी गाळलेला असतो.

‘बाथरूम लमसम’ अशी एक ओळ आणि समोर आकडा, हे कोटेशन नव्हे. तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, कोबा (टाइल्सखालचा भरावाचा थर), भिंतीच्या टाइल्स, जमिनीच्या टाइल्स, फिटिंग असे वेगळे दर हवेत. मापाची पद्धतही लिहिलेली हवी, कारण भांडणं दरापेक्षा मापावरून जास्त होतात. समजा १० फूट रुंद आणि ७ फूट उंच वॉर्डरोब आहे. समोरच्या दर्शनी मापाने तो ७० चौरस फूट होतो. आतल्या फळ्या, बाजू, ड्रॉवर असं सगळं मोजायला घेतलं तर आकडा कुठल्या कुठे जातो. दोन्ही पद्धती चालतात, पण दर कुठल्या मापाचा ते आधी ठरलं पाहिजे. रंगकामात खिडक्या-दारांची वजावट धरणार की नाही? ग्रॅनाइटच्या दरात कडेचं मोल्डिंग आणि सिंकचं कटिंग आहे की वेगळं? कोनाड्यांचं, खिडकीच्या चौकटींचं काम रनिंग फुटाने की चौरस फुटाने? ‘ब्रास’ म्हणाला तर क्षेत्रफळात १०० चौरस फूट आणि वाळू-खडीत १०० घनफूट, हे माहीत असू द्या.

मालाचं वर्णन ‘चांगल्या कंपनीचं’ असं नको. प्लायवुड असेल तर साध्या वापराचं आयएस ३०३ आणि ओटा-सिंकच्या भागासाठी मरीन म्हणजे आयएस ७१०, असं लिहून घ्या. माल उतरल्यावर प्लायवर आयएसआय छाप आणि परवाना क्रमांक आहे का बघा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर तपासता येतो. वायर दिव्या-पंख्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटर, हे ढोबळ प्रमाण कोटेशनमध्ये दिसलं पाहिजे, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच हवं, परवाना बघायला मागा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. चांगल्या वायरमनच्या खिशात त्याची झेरॉक्स असतेच.

जीएसटीचं म्हणाल तर अशा कामावर तो १८ टक्के लागतो. ‘बिल नको असेल तर वाचतील’ हा मोह प्रत्येकाला दाखवला जातो. २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान ठेकेदाराला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, पण मग त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताही येत नाही. घेत असेल तर त्याचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

पैसे कामाच्या मागून चालले पाहिजेत

निम्मे पैसे आगाऊ मागणारा माणूस वाईटच असतो असं नाही. पण तुमच्या पैशातून तो आधीच्या साइटची देणी भागवतोय, ही शक्यता मोठी. मटेरियलसाठी मोठी उचल मागितली तर सांगा, ‘दुकानाचं बिल पाठवा, दुकानदाराला थेट भरतो.’ खरोखर माल आणायचा असेल तर तो खुशीने तयार होतो.

समजा ६ लाखांचं काम आहे. सुरुवातीला १० टक्के, म्हणजे ६० हजार. तोडफोड, आतली प्लंबिंग-वायरिंग होऊन वॉटरप्रूफिंगची पाणी-चाचणी पास झाल्यावर दीड लाख. टाइल्स आणि ओटा झाल्यावर दीड लाख. सुतारकाम बसल्यावर १ लाख २० हजार. रंग आणि फिटिंग झाल्यावर ६० हजार. उरलेल्या ६० हजारांतले ३० बारीकसारीक त्रुटी काढून दिल्यावर आणि ३० पहिला पावसाळा गेल्यावर. हप्ते तारखांना बांधू नका, टप्प्यांना बांधा. ‘दर शनिवारी काहीतरी द्या’ ही पद्धत तर मुळीच नको. त्यात किती काम झालं आणि किती पैसे गेले याचा मेळ पंधरा दिवसांत सुटतो.

पावसाळ्यानंतरच्या ३० हजारांना बरेच जण नाही म्हणतील. घासाघीस करून ते १५ वर आले तरी चालेल, पण शून्यावर येऊ देऊ नका. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाईच आहे, आणि रोखीने दिलेल्या पैशांचा पुरावा वाद झाल्यावर उभा राहत नाही.

करार

५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर केलात तर उत्तम; नाहीतर कोटेशनच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, तारीख आणि त्याच्या आधार-पॅनची प्रत एवढं तरी हवंच. कामाची यादी, दर, टप्पे आणि मुदत तर येईलच. त्याशिवाय शेजाऱ्याचं किंवा सोसायटीचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, मजुराला दुखापत झाली तर जबाबदारी कुणाची, राडारोडा कुठे टाकणार, गळतीची हमी किती वर्षं आणि त्या हमीत टाइल्स फोडून पुन्हा बसवण्याचा खर्च धरलाय का, हे लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक हमीपत्रांत नसतो, आणि खरा खर्च तिथेच असतो.

वाढीव कामाचा नियम एका ओळीत लिहा: व्हॉट्सॲपवर रक्कम कळवून तुमचा होकार आल्याशिवाय केलेल्या एक्स्ट्रा कामाचे पैसे मिळणार नाहीत. हा नियम तुम्हालाही लागू. साइटवर उभं राहून ‘इथे एक शेल्फ टाका ना’ असं मिस्त्रीला परस्पर सांगायचं नाही.

राडारोडा रात्री नदीपात्रात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकला गेला तर दंडाची पावती तुमच्या पत्त्यावरही येऊ शकते. महापालिकेने ठरवून दिलेल्या ठिकाणीच तो जायला हवा. मुंबईत त्यासाठी पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे.

काम चालू झाल्यावर नजर कुठे ठेवायची

पहिल्या हातोड्याच्या आधी खालच्या फ्लॅटमध्ये जा आणि तुमच्या बाथरूमखालच्या छताचे, भिंतींचे फोटो त्यांच्यासमोरच काढा. आधीची ओल कोणती आणि नंतरची कोणती हा वाद तिथेच संपतो. शिवाय खालच्या काकूंशी ओळख होते, ती पुढे पाणी-चाचणीला लागणार आहे.

रोज साइटवर बसायची गरज नाही. पण बाथरूमच्या तीन वेळा चुकवू नका, हवं तर रजा काढा.

पहिली वेळ, जुनी फरशी आणि भराव काढून स्लॅब उघडा पडल्यावर. तो झाडून-धुऊन स्वच्छ झालाय का, पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातो तिथली फट नीट भरलीय का, हे बघा. गळती बहुतेक वेळा मोकळ्या जागेतून येत नाही. ती पाइपाच्या भोवतालून आणि भिंत-जमीन मिळते त्या कोपऱ्यातून येते. त्या कोपऱ्यांना गोलाई देऊन केमिकलचा थर भिंतीवर निदान फूटभर चढवलेला हवा. दोन हात, एक आडवा आणि एक उभा, मध्ये पहिला वाळू देऊन. एका दुपारीत दोन्ही उरकले तर समजून जा.

दुसरी वेळ, पाणी-चाचणी. न्हाणीचं तोंड बंद करून पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारायची, तारीख-वेळ टाकून फोटो काढायचा आणि निदान ४८ तास तसंच ठेवायचं. पातळी थोडी उतरली तर ते बाष्पीभवन किंवा शोषणही असू शकतं. निकाल खालच्या छतावर बघायचा. केमिकलनंतर एकदा आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा झाल्यावर, टाइल्सच्या आधी, पुन्हा एकदा. ‘दोनदा कशाला’ असं म्हणतील. कोबा करताना फावड्याची धार थराला लागते, त्यासाठी.

तिसरी वेळ, भिंती बंद करण्याआधी. नळांची सगळी तोंडं बूच लावून बंद करून लाइनीत पंपाने दाब द्यायला सांगा आणि काटा काही तास जागेवर राहतो का ते बघा. मग प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, कोपऱ्यापासून टेप लावून, म्हणजे पाइप आणि वायर कुठून गेलीय त्याचं माप फोटोतच येईल. पुढे टॉवेलचा रॉड बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही हे या फोटोंवरून कळतं.

टाइल्सबद्दल थोडक्यात: सगळी खोकी एकाच बॅचची आणि शेडची, मापापेक्षा ५ ते १० टक्के जास्त. बसवून वाळल्यावर नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढ्या काढून पुन्हा. बाथरूमचा उतार बादलीभर पाणी ओतून बघायचा. पाणी कोपऱ्यात थांबलं तर ग्राउट (टाइल्समधल्या फटींचा मसाला) भरायच्या आधीच सांगायचं. रंगाच्या वेळी पुट्टी घासून झाल्यावर रात्री भिंतीला लागून टॉर्च मारा, सगळे खड्डे-उंचवटे दिसतात.

मजुरांसाठी प्यायचं पाणी आणि संडासची सोय पहिल्याच दिवशी ठरवा. ते तुमचंही कर्तव्य आहे, आणि सोसायटीतली निम्मी भांडणं याच कारणावरून होतात.

अडलं तर

काम थांबलं, फोन उचलत नाही, तर आधी व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहा: कोणता टप्पा बाकी, किती पैसे दिले, कोणत्या तारखेपर्यंत माणसं हवीत. शिव्या नकोत, हे मेसेज उद्या कुणी तिसरा वाचणार आहे. पुढचा हप्ता थांबवा. दुसऱ्या माणसाकडून काम पूर्ण करून घ्यायची वेळ आली, तर त्याआधी इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप आणि दोषांचा छोटा अहवाल करून घ्या, कारण नवं काम झालं की जुन्याचा पुरावा गाडला जातो.

त्यानंतर वकिलाची नोटीस, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा म्हणून स्पष्ट धरलेली आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. हजेरीवर स्वतः माणसं लावून करून घेतलेल्या कामाला हा मार्ग मिळेलच असं नाही, हे लेबर रेटचा विचार करताना लक्षात असू द्या.

काम हातात घेताना

एका रविवारी सकाळी, दिवसाच्या उजेडात, कंत्राटदारासोबत खोलीवार फिरा. प्रत्येक दार, ड्रॉवर, नळ, फ्लश, स्विच वापरून बघा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून वीज तुटते का पाहा आणि त्रुटींची एकच यादी करा. रोज एकेक तक्रार फोनवर सांगत राहिलात तर एकही पूर्ण होत नाही. यादी संपल्यावर तो हप्ता लगेच द्या, त्यात अडवून धरू नका.

नळ, गिझर, केमिकल यांची बिलं आणि वॉरंटी कार्डं, रंगाचे शेड नंबर, भिंतींचे फोटो एका जागी ठेवा. प्रत्येक प्रकारच्या आठ-दहा टाइल्स माळ्यावर टाका. दोन वर्षांनी तीच डिझाइन दुकानात मिळत नाही. आणि सोसायटीच्या अनामतीचा अर्ज राडारोडा उचलल्याच्या आठवड्यातच द्या, मूळ पावतीची झेरॉक्स जोडून. समिती बदलली की नव्या खजिनदारांना जुनी पावती सापडायला वर्ष लागतं.